प्लॅटिनम, पांढरे उंदीर आणि हळद : किडनी नेमकी वाचवली कुणी?

जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

तुमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज कधी ना कधी आलाच असेल. 'केमो चालू असेल तर हळद, आवळा, पुनर्नवा द्या. किडनी वाचते. संशोधनाने सिद्ध.' खाली एक हिरवं पान आणि जोडलेले हात. असे मेसेज मला फॉरवर्ड करून लोक विचारतात, 'दादा, हे खरं आहे का? आईला देऊ का?'

'आईला देऊ का' हे शब्द आले की गंमत संपते. म्हणून आजचा भाग. आणि गंमत अशी की त्या मेसेजमधलं 'संशोधनाने सिद्ध' हे तसं खोटं नाही. फक्त कुणावर सिद्ध, ते त्यात लिहिलेलं नसतं. त्या एका गाळलेल्या शब्दाचा इतिहास आज सांगतो.

आधी किडनीची बाजू ऐकू

आपल्या दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याचा पाचवा हिस्सा या दोघींकडे जातो. दिवसभरात त्या जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात.

हे परत घेण्याचं काम बारीक नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी करतात. त्यांना भरपूर ऊर्जा लागते, म्हणून त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. आता विचार करा, रक्तात एखादं कडक औषध आलं तर ते सगळ्यात जास्त कुठे साठेल? जिथे सगळं गाळलं आणि ओढून घेतलं जातं, तिथेच. गाळणीला जसा चोथा चिकटतो ना, तसंच. औषधांनी किडनी बिघडते यामागचं एक मोठं कारण एवढंच आहे, की ती तिचं काम मन लावून करत असते.

एका भौतिकशास्त्रज्ञाचे लांबलचक जिवाणू

आता चला अमेरिकेत, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत. १९६० च्या दशकाची सुरुवात. बार्नेट रोझेनबर्ग हा माणूस मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. पेशी दोन भागांत विभागताना तिच्यात धाग्यांची जी आकृती दिसते, ती त्याला लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरल्यावर दिसते तशी वाटली. मग विजेचा पेशींच्या विभाजनावर काही परिणाम होतो का, हे बघावं असं त्याच्या मनात आलं.

त्याने ई. कोलाय जिवाणू वाढत असलेल्या पाण्यात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली. प्लॅटिनम का? तर ते कशातच विरघळत नाही, प्रयोगात लुडबुड करत नाही, असा समज होता. थोड्या वेळाने जिवाणूंचं विभाजन थांबलं. ते मेले मात्र नाहीत. वाढत राहिले, नुसते लांब लांब होत गेले, नेहमीच्या लांबीच्या ३०० पट. शेवयांसारखे.

सगळ्यांना वाटलं विजेचा चमत्कार. पण बराच काळ धडपडल्यावर कळलं की वीज निर्दोष आहे. प्लॅटिनम किंचित विरघळत होतं आणि पाण्यातल्या अमोनियम क्लोराईडशी जुळून एक नवं संयुग तयार करत होतं. नवं म्हणजे रोझेनबर्गला नवं. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते १८४० च्या दशकातच बनवून ठेवलं होतं आणि सव्वाशे वर्षं त्याचा औषध म्हणून कुणी विचारही केला नव्हता. आज आपण त्याला सिस्प्लॅटिन म्हणतो.

रोझेनबर्गने १९६५ मध्ये जिवाणूंची गोष्ट छापली. मग साधा तर्क लढवला : जिवाणूंचं विभाजन थांबतं, तर कॅन्सरच्या पेशींचं का नाही? १९६९ मध्ये उंदरांच्या गाठी विरघळल्याचा निष्कर्ष छापून आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत औषध माणसांपर्यंत पोचलं.

आणि तिथे अडकलं. गाठी आक्रसत होत्या, पण रुग्णांच्या किडन्या बसत होत्या. उलट्या तर अशा की माणूस औषधापेक्षा आजार बरा म्हणेल. इतकं गुणी औषध, पण ते गुंडाळून ठेवायची वेळ आली होती.

तारणहार आला तो मिठाच्या पाण्यातून

इथे एक मिनिट थांबा आणि अंदाज करा. सिस्प्लॅटिन कशाने वाचलं? एखाद्या दुर्मीळ मुळीने? नव्या महागड्या इंजेक्शनने?

सलाईनने. मिठाच्या पाण्याने.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमधल्या डॉक्टरांनी आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर दाखवलं, की औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर द्रव दिला आणि मॅनिटॉल देऊन लघवी वाहती ठेवली, तर किडनीवरचा घाव बराच कमी होतो. औषध नळ्यांमध्ये फार वेळ रेंगाळत नाही, वाहून जातं. १९७७ मध्ये हे छापून आलं.

त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न हा तरुण डॉक्टर वृषणाच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन दुसऱ्या दोन औषधांबरोबर वापरत होता. हा कॅन्सर विशी-तिशीतल्या मुलांना होतो, म्हणजे तुमच्याच वयाच्या. शरीरभर पसरला की त्या काळी दहातला एखादा वाचायचा. १९७४ मध्ये जॉन क्लीलंड नावाच्या कॉलेजच्या मुलावर तो शेवटचा उपाय म्हणून वापरला गेला आणि तो पूर्ण बरा झाला. आज हाच पसरलेला कॅन्सर असलेल्या दहांपैकी साधारण आठ जण बरे होतात. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला अधिकृत परवानगी मिळाली.

मॅनिटॉल द्यावं की नाही यावर आजही डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. हल्ली सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालतात. पण बाटली तीच राहिली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दर आठवड्याला सिस्प्लॅटिन होतं. औषधाची पिशवी छोटीशी, पण दिवस जायचा तो सलाईनमध्ये. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या, 'मावशी, लघवीला जाऊन आलात का? किती झाली? जगात मोजलीत ना?' मावशी लाजायची आणि मी वहीत आकडा लिहायचो. त्या वेळी ते मला फालतू काम वाटायचं. हा भाग लिहायला बसलो तेव्हा कळलं की त्या वहीतला प्रत्येक आकडा १९७७ च्या त्या प्रयोगांचा वारसा होता.

शेजारच्या काकूंनी तेव्हा हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. प्रेमाने. आम्ही डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी डबी हातात घेऊन लेबल वाचलं आणि म्हणाले, 'भाजीतली हळद बिनधास्त खा. ही डबी केमो संपेपर्यंत कपाटात ठेवा.' असं का म्हणाले, ते आता बघू.

रबराच्या कारखान्यातून आलेला शब्द

सलाईन देऊनही सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या किडनीला थोडाफार धक्का बसतोच. म्हणून शोध थांबला नाही. आणि इथे आपल्या गोष्टीत वनस्पती येतात.

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आज फेसवॉशपासून ग्रीन टीपर्यंत सगळीकडे दिसतो, पण तो आला कारखान्यातून. रबर कडक होऊन तडकू नये, तेल खवट होऊ नये म्हणून जे मिसळायचं ते अँटिऑक्सिडंट. आपल्या घरात फोडणीचं तेल जुनं झालं की वास मारतं ना, तेच रसायन.

तेच शरीरातही घडतं, हे नंतर कळलं. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी मांडलं, की जास्तीच्या ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींमागे एकच कारण आहे : फ्री रॅडिकल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी हपापलेले अस्थिर कण. १९५६ मध्ये डेनहम हारमनने म्हातारपणाचा संबंध त्यांच्याशी जोडला. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की हे कण शमवणारं एक एन्झाइम शरीराकडे स्वतःचं असतं. म्हणजे आपल्या पेशींत अग्निशमन दल आधीपासून आहे.

सिस्प्लॅटिन किडनीच्या पेशीत साठतं तेव्हा हे दल थकतं. ग्लुटाथायोन नावाचा पेशीचा राखीव साठा संपत जातो, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि पेशी मरते. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचंही काहीसं असंच. ते १९६३ मध्ये जगासमोर आलं, आजही जीव वाचवतं आणि आजही त्यावर असताना क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं.

मग कल्पना सुचणं साहजिकच होतं. बाहेरून आगीचा बंब पाठवला तर? आणि असे बंब वनस्पतींकडे ढिगाने असतात, कारण दिवसभर उन्हात उभं राहून ऑक्सिजन तयार करणाऱ्या जिवाला स्वतःला सांभाळावंच लागतं. हळदीत कर्क्युमिन. आवळ्यात टॅनिन आणि क जीवनसत्त्व. युरोपातल्या मिल्क थिसल या काटेरी झाडात सिलिमारिन, जे १९६८ च्या सुमारास म्युनिकमध्ये वेगळं काढलं गेलं. आणि आपली पुनर्नवा.

पुनर्नवेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ती आपल्या बांधावर उगवते. गावाकडे हिला घेटुळी म्हणतात. पावसाळ्यात भाजी करतात. उन्हाळ्यात वाळून गेल्यासारखी दिसते आणि पाऊस पडला की पुन्हा नवी होते, म्हणून पुनर्नवा. आयुर्वेदात ती अंगावरच्या सुजेसाठी सांगितली आहे. १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी आपल्या देशी औषधांना प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, त्यात ही होती. तिने लघवी वाढते हे दिसलं, आणि त्यामागे तिच्यातले पोटॅशियमचे क्षारही आहेत हेही. हे पोटॅशियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पांढऱ्या उंदरांचं राज्य

तुमच्या ओळखीत कुणी एम. फार्म. केलेलं असेल तर त्यांना विचारा. प्रयोग जवळजवळ ठरलेला असतो. विस्टार जातीचे पांढरे उंदीर घ्या. काही गट करा. एका गटाला काहीच नाही, एकाला फक्त जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन, बाकीच्यांना औषध आणि शिवाय एखाद्या वनस्पतीचा अर्क. आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया मोजा, किडनीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बहुतेक वेळा निकाल चांगला येतो. अर्क मिळालेल्या उंदरांच्या किडन्या बऱ्या दिसतात. हळद, आवळा, पुनर्नवा, गोखरू, द्राक्षाच्या बिया, लसूण... यादी संपत नाही.

हे प्रयोग खोटे आहेत का? अजिबात नाही. त्या पोरांनी कष्टाने केलेत. पण प्रयोगाची मांडणी नीट बघा.

एक, जेंटामायसिन माणसाला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. उंदरांना ८० ते १०० देतात, कारण त्यांना मुद्दाम इजा करायची असते. दोन, अर्क बहुधा आधीपासूनच सुरू करतात. घर पेटायच्या आधी बंब दारात उभा. तीन, उंदीर तरुण आणि निरोगी. त्याला डायबिटीस नाही, बीपी नाही, कॅन्सर तर बहुतेक वेळा नाहीच. आणि चार, अर्काची मात्रा. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही तिथे नेहमीची गोष्ट. नुसत्या वजनाचा हिशोब केला तर ६० किलोच्या बाईसाठी रोज १२ ग्रॅम अर्क. उंदराचं शरीर झपाट्याने चालतं म्हणून शास्त्रज्ञ हा आकडा सहाने भागतात, तरी २ ग्रॅम उरतो. अर्क बरं का, पूड नाही. दुधातल्या चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं.

माणसांच्या दारात काय झालं

मग माणसांवर कुणी करून पाहिलंच नाही का? पाहिलं. आणि हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

कॅनडात १० हॉस्पिटलांत पोटातल्या महाधमनीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ६०६ रुग्णांवर चाचणी झाली. या ऑपरेशनमध्ये किडनीला मोठा ताण बसतो. अर्ध्यांना कर्क्युमिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. २०१८ मध्ये निकाल आला. फायदा झाला नाही. उलट किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण कर्क्युमिनवाल्यांत १७ टक्के आणि रिकाम्या गोळीवाल्यांत १० टक्के.

दुसरी गोष्ट एन-ॲसिटिलसिस्टीनची. हे वनस्पतीतलं नाही, पण अँटिऑक्सिडंट म्हणून प्रसिद्ध. २००० साली एका छोट्या चाचणीत दिसलं, की सीटी स्कॅनच्या डायपासून ते किडनी वाचवतं. स्वस्त, सोपं. मग जगभर सर्रास दिलं जाऊ लागलं. २०१८ मध्ये जवळजवळ ५,००० रुग्णांची मोठी चाचणी छापून आली : काहीच फरक नाही. अठरा वर्षं डॉक्टर स्वतः एका सुंदर कल्पनेच्या प्रेमात होते. म्हणजे हे फक्त व्हॉट्सॲपवाल्या काकांचं होतं असं नाही.

आणि केमोमध्ये आणखी एक पेच आहे. सिस्प्लॅटिनमुळे जी आग किडनीत लागते, तशीच ती गाठीतही लागत असते, आणि तिथे ती आपल्याला हवी असते. बंब पाठवला आणि तो चुकीच्या घरी गेला तर? मिल्क थिसलमधल्या सिलिबिनिनवर १९९६ मध्ये जर्मनीत नेमका हाच प्रश्न विचारला गेला. उंदरांची किडनी वाचली आणि प्रयोगशाळेतल्या कॅन्सरच्या पेशींवर औषधाचा जोर टिकून राहिला. खूप आशादायक. पण प्रत्येक वनस्पतीसाठी, प्रत्येक कॅन्सरसाठी हे तपासलेलं नाही. माझ्या मावशीची डबी कपाटात गेली ती या शंकेपोटी.

'नैसर्गिक आहे, काही होत नाही'

हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये बायकांना वजन कमी करायला चिनी जडीबुटीच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात एका मुळीच्या जागी चुकून दुसरीच मुळी आली, ॲरिस्टोलोकिया जातीची. शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या. कितीतरी जणींना डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटवर जावं लागलं. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. त्याच कुळातली एक वेल आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसण म्हणून ओळखली जाते.

अजून जवळचं ऐका. गोवा-कोकणात अंगणात बिंबली असते, ती आंबट हिरवी फळं. लोणच्यात, आमटीत मस्त. केरळमध्ये काही लोकांनी कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून तिचा घट्ट रस भरपूर प्यायला. फळात ऑक्झॅलेट एवढं, की त्याचे खडे किडनीच्या नळ्यांत अडकले. २०१३ मध्ये अशा १० रुग्णांची नोंद छापून आली, त्यांतल्या बहुतेकांना डायलिसिस लागलं. आमटीतली बिंबली आणि ग्लासभर रस, फळ एकच, पण मात्रा वेगळी.

आणि पुनर्नवेतलं ते पोटॅशियम आठवतंय? किडनी थकलेली असताना तेच पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणजे ज्याला गरज आहे असं वाटतं, त्यालाच धोका जास्त.

मग आईला द्यायचं की नाही?

माझं म्हणणं वनस्पतींच्या विरोधात नाही. उद्या एखाद्या झाडातून खरंच किडनीचं कवच निघू शकतं. सिस्प्लॅटिनसुद्धा सव्वाशे वर्षं बाटलीत पडून होतं ना. पण मिठाच्या पाण्याने माणसांच्या किडन्या वाचवल्या, ते काही ते थोर होतं म्हणून आपण मानलं नाही. माणसांवर करून, मोजून पाहिलं म्हणून मानलं. हळदीला आणि पुनर्नवेला तोच मान द्यायचा असेल, तर त्यांनाही तीच परीक्षा द्यावी लागेल.

तोवर घरात कुणाचं केमो चालू असेल, कडक अँटिबायोटिक चालू असेल, तर तीन कामं करा. जे काही पोटात जातंय, काढा, पूड, कॅप्सूल, जिममधली पावडर, दुखण्यावरची गोळी, सगळं डॉक्टरांना दाखवा. डबीसकट, न लाजता. क्रिएटिनिनच्या तारखा चुकवू नका. आणि पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा, कारण काहींना जास्त लागतं आणि काहींना मोजूनच द्यावं लागतं. लघवी मोजायला सांगितली तर वहीत लिहा.

आणि तो मेसेज पुन्हा आला तर भांडू नका. पाठवणाऱ्या काकांनी काळजीनेच पाठवलेला असतो. फक्त खाली एवढंच विचारा : 'काका, हे सिद्ध झालंय ते उंदरावर की माणसावर?'

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.